ब्राऊन बेल्टवर अडकलोय, दोनदा फेल, सोडू का?

सीवूड्सचा_पप्पा
नमस्कार मंडळी. वय ३९, राहायला सीवूड्स, ऑफिस ऐरोली, सहा वर्षं झाली शोतोकान कराटे करतोय. सुरुवात पण गंमतच, मुलीला क्लासला सोडून बाहेर बाकड्यावर मोबाईल बघत बसायचो, एक दिवस सर म्हणाले बसताय कशाला, मागच्या लायनीत उभे राहा. राहिलो तो राहिलोच. ब्राऊनपर्यंत एकदाही फेल नाही. आणि शोदानला, म्हणजे ब्लॅक बेल्टला, डिसेंबरमध्ये फेल आणि आत्ता जूनमध्ये परत फेल.

पहिल्या वेळी बस्साई दाई या काताच्या, म्हणजे एकट्याने करायच्या ठरलेल्या हालचालींच्या, मध्येच डोकं ब्लँक झालं, हात हवेत आणि पुढचं काय ते आठवेना. दुसऱ्या वेळी काता नीट झाला पण कुमितेच्या, म्हणजे समोरासमोरच्या लढतीच्या, तिसऱ्या फेरीत दमच संपला, हात खाली आले, समोर एकोणीस वर्षांचं पोरगं, त्याने काय करायचं ते केलं. त्यात डावा गुडघा दुखतोय, उजव्या पायाने मावाशी गेरी, म्हणजे बाजूने फिरवून लाथ, मारली की आतल्या बाजूला कळ येते. उजवा नाही हं, डावा, ज्याच्यावर उभा असतो तो.

त्याच दिवशी मुलगी ब्राऊन झाली. पेढे आणायला मीच गेलो. दुकानदाराने विचारलं काय विशेष, तर मुलगी पास झाली एवढंच बोललो. बायको म्हणते पाम बीचला चालायला जा, या वयात कुणी लाथा मारायला सांगितल्यात. डिसेंबरला परत बसू, गॅप घेऊ की सोडून देऊ? खरं खरं सांगा.

घंटाळीची_माऊ
दादा, मी पण शोदानला फेल झालेय आणि लाजेने क्लासच सोडला होता दोन वर्षं, गोखले रोडवर सर समोरून येताना दिसले तर चपलांच्या दुकानात शिरले होते, काही घ्यायचं नसताना. तेव्हा गॅप घेऊ नका, गॅप वाढतच जातो.

ब्लँक होण्याबद्दल एक विचारते. क्लासमध्ये तुम्ही काता नेहमी एकाच भिंतीकडे तोंड करून करता का? आमच्याकडे समोर आरसा होता, आरशात सर दिसायचे, त्या अंदाजाने मी वळायचे. ग्रेडिंगला, म्हणजे बेल्टच्या परीक्षेला, हॉल वेगळा, आरसा नाही, आणि बस्साई दाईत सुरुवातीलाच ते वळून वळून ब्लॉक आहेत ना, तिथेच माझी दिशा हरवली. मग परत सुरू केल्यावर गच्चीवर रोज वेगळ्या दिशेला तोंड करून केला, एकदा पाण्याच्या टाकीकडे, एकदा शेजारच्या बिल्डिंगकडे (तिथल्या आजी खिडकीतून बघायच्या, हात करायच्या). आणि नेहमी पहिल्यापासून नाही, मधूनच कुठून तरी सुरू करायचा. पहिल्यापासूनच केला की सुरुवात पाठ होते आणि शेवट कच्चा राहतो, पाढ्यांसारखं.

आणि सरांना नेमकं विचारलंत का कशात मार्क गेले? की फेल ऐकून बॅग उचलून निघालात?

ठाणेकर_लंगडा
गुडघ्यावर बोलतो, माझा विषय आहे, ऑपरेशन झालंय. मावाशी मारताना खालचं पाऊल फिरवता का? किक पोहोचेपर्यंत खालच्या पायाची टाच जवळजवळ समोरच्याकडे यायला पाहिजे. पाऊल जमिनीला चिकटून राहिलं आणि कंबर फिरली तर मधला पीळ कोण खाणार, गुडघाच ना. आता पावसाळ्यात तर अजून बघा, दमट हवेत पाय मॅटला चिकटतो, फिरतच नाही. दमल्यावर पाऊल फिरवायचा कंटाळा येतो तो वेगळाच, म्हणजे तुमचा दम आणि तुमचा गुडघा ही दोन दुखणी वाटतात पण एक असू शकतात.

पण आधी ऑर्थोपेडिकला दाखवा. नुसता एक्स-रे काढून सगळं ओके म्हणून घरी येऊ नका, लिगामेंट आणि गादी एक्स-रेत दिसत नाही, गरज वाटली तर डॉक्टर एमआरआय सांगतील. गुडघा मध्येच अडकतो, सूज येते किंवा जिना उतरताना दगा देतो असं असेल तर उद्याच जा. मी तीन महिने क्रेप बँडेज बांधून किक मारल्या, त्याचं फळ भोगतोय.

पट्टेवाला
माझ्या आधीच्या क्लासमध्ये ग्रेडिंगची फी भरली की सगळे पास, माझ्या समोर एक जण काता अर्धवट सोडून बसला तरी संध्याकाळी सर्टिफिकेट. तुम्हाला दोनदा फेल करणारा माणूस मिळालाय, त्याला धरून राहा. बाकी पट्ट्याचं म्हणाल तर हे दानचं, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या पायऱ्यांचं, प्रकरण मुळात ज्युदोतलं, कानो जिगोरोंनी सुरू केलेलं, तिथून शोतोकानवाल्या फुनाकोशींनी १९२४ मध्ये कराटेत आणलं. आणि शोदानचा अर्थ पहिली पायरी. तुम्ही शेवटची समजून रडताय.

कोपरखैरणे_तालीम
मला कराटेतलं काय कळत नाही, आमची कुस्ती. वडील माथाडी, मार्केटात पोती उचलायचे, गाव कराडकडं. आमच्याकडं पट्टा बिट्टा नसतो, चीत झालास की पाठीला माती लागते आणि सगळं गाव बघतं, दुसऱ्या दिवशी पहाटे परत आखाड्याच्या हौद्यात, वस्ताद विचारत पण नाय कालचं. आमच्या भागातले खाशाबा जाधव १९४८ ला लंडनला ऑलिंपिकला गेले तर सहावे आले, मातीतला गडी, मॅटची सवय नव्हती. चार वर्षं मॅटवरचं शिकले, पैशाची तर लय ओढाताण, त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं, आणि १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं. नुसती जिद्द नव्हती ती, मॅट वेगळी आहे हे ओळखून सराव बदलला.

तुमचा दम जातो म्हणता तर सराव काय बदललात डिसेंबर ते जून? सलग धावणं एक आणि दोन मिनिटं फुटून भांडणं एक. दोन मिनिटं जीव खाऊन, एक मिनिट आराम, असं पाच-सहा वेळा करा, मंग बोलू. पण गुडघ्याचं डॉक्टरनं हो म्हटल्यावरच.

सीवूड्सचा_पप्पा
सगळ्यांना थँक्स. माऊताई, हो, बॅग उचलूनच निघालो होतो. काल सरांना फोन केला तर त्यांनी दहा मिनिटं सांगितलं, म्हणाले वाटच बघत होतो विचारशील कधी. तिसऱ्या फेरीत तू श्वास धरून ठेवतोस, किआय, म्हणजे मारतानाची आरोळी, ती पण येत नाही तुझी, त्यामुळे दम जातो. सराव बदलला का, तर नाही, तेच तास, तोच आरसा. आमच्याकडे पण आरसा आहे.

डॉक्टरकडे शनिवारची अपॉइंटमेंट घेतलीय. आणि काल रात्री हॉलमध्ये सोफा सरकवून एकच मावाशी अगदी हळू, हातानेच पाय उचलल्यासारखी करून बघितली, मुलीला म्हटलं व्हिडिओ काढ. तिने काढला, परत परत बघितला आणि म्हणाली पप्पा तुमचं पाऊल अजिबात फिरत नाही, मला तर सर येलो बेल्टलाच ओरडले होते याच्यावरून.