मदत हवी आहे: रस्त्याच्या कोंडीवर उपाय सुचवा, शुक्रवारच्या आत

त्रस्त_दुचाकी: शुक्रवारी क्षेत्रीय कार्यालयात आमच्या सोसायट्यांची बैठक आहे. कोंडीवर ठोस उपाय लिहून आणा म्हणालेत. ‘रस्ता रुंद करा’ लिहिलं की ‘जागा कुठाय?’ म्हणून मोकळे होतात, गेल्या खेपेला तेच झालं. उड्डाणपूल झाला तरी खाली जैसे थे. नेमकं काय मागायचं? मेट्रो सुचवू नका, ती कळलीये.

कोथरूडी: रस्ता कुठला? हे वर्णन आमच्या नळ स्टॉपलाही चपखल बसतं.

पौर्णिमा_क: आणि वेळ? सकाळी की संध्याकाळी?

त्रस्त_दुचाकी: सिंहगड रस्ता, आणखी कुठला! संध्याकाळी, धायरीकडे येताना.

बसच_बरी: बसला वेगळी लेन मागा. बाकी सगळी मलमपट्टी.

गप्प_बसा: बीआरटी, म्हणजे तुमची बसची वेगळी लेन, बघून झाली हो. २००६ पासून कात्रज-स्वारगेट-हडपसरवर काय दिवे लागले? नगर रस्त्यावरची तर उखडून टाकली.

बसच_बरी: चौक आला की लेन गायब, आत दुचाक्या घुसणार, मग बस पळणार कशी? धड केलीच नाही आणि म्हणे जमत नाही.

गप्प_बसा: ‘धड केली असती तर’ वर पुण्यात अनेक गोष्टी चालतात.

मेट्रोभक्त: नको म्हणालात तरी सांगतो. खडकवासला-स्वारगेट-हडपसर-खराडी मार्गाला केंद्राची मंजुरी मिळाली, नोव्हेंबर २०२५ मध्ये. जरा धीर धरा.

त्रस्त_दुचाकी: म्हणजे पुलाचं काम संपलं आणि आता मेट्रोचे पत्रे! धन्यवाद. शुक्रवारचं बोला.

सिव्हिल_९४: नेमकं कुठे अडतं? सिग्नलच्या आधी, सिग्नलवर की सिग्नल ओलांडल्यावर? तिन्हीची औषधं वेगळी.

त्रस्त_दुचाकी: माणिकबागेजवळ. सिग्नल सुटतो पण पुढे जाताच येत नाही. पुढे बसथांबा आहे, त्याला लागून दुकानांसमोर गाड्या डबल लावलेल्या असतात. हे काय, रोजचंच आहे.

सिव्हिल_९४: अहो, हे आधी सांगायचं! तुमचा प्रश्न पुलाचा नाही. राजाराम पूल चौकातला उड्डाणपूल ऑगस्ट २०२४ मध्ये झाला, विठ्ठलवाडी ते फनटाइम थिएटर १ मे २०२५ ला. लांब जाणारे वरून गेले. खाली उरले वळणारे, थांबणारे, दूध घेणारे, रिक्षा. एका अंगाला मुठा, दुसऱ्या अंगाला कालवा आणि टेकडी, त्यामुळे गल्लीतून निघालेला प्रत्येक जण त्याच पट्ट्यात उतरतो.
आता हिशोब. सिग्नलपाशी हिरव्या दिव्यात एक मीटर रुंदीतून तासाला साधारण ५२५ कार-एकक (प्रत्येक वाहन कारच्या मापात मोजायचं) निघतात, असं रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसचं ढोबळ गणित आहे. तीन मीटर डबल पार्किंगने खाल्ले की १५७५ गेले. हिरवा निम्मा वेळ धरला तरी तासाला आठशेच्या आसपास. बैठकीत हा आकडा ठेवा, ‘जागा कुठाय?’ कोणी विचारणार नाही. जागा आहे, गाड्यांनी भरलीये.
मोजणी तुम्हीच करा. साडेसहा ते साडेसात, दर पंधरा मिनिटांची वेगळी नोंद. सरळ, उजवीकडे, डावीकडे वेगळे. कार म्हणजे १ एकक. दुचाकी रहदारीच्या दहा टक्क्यांहून जास्त असल्या की ०.७५, तुमच्याकडे असणारच. मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि घरी बसून मोजा, रस्त्यावर उभं राहून चुकतं.

पौर्णिमा_क: पादचारी कोण मोजणार? फुटपाथवर दुकानाचं सामान असलं की माणूस रस्त्यावर उतरतो, तोही रुंदी खातो. महापालिकेचं पादचारी धोरण २०१६ चं आहे, त्याचा उल्लेख करा.

जुना_पुणेकर: आमच्या काळी सगळे सायकलवर. शनिवार पेठेतून डेक्कनला सात मिनिटं.

गप्प_बसा: तेव्हा धायरीत शेतं होती काका.

त्रस्त_दुचाकी: बसथांबा सिग्नलपासून पुढे सरकवायला कोणाला लिहू? रस्ते विभाग की वाहतूक पोलीस?

बसच_बरी: थांब्यासाठी पीएमपीएमएल, म्हणजे शहर बसवाले. सिग्नलच्या वेळा वाहतूक शाखा बघते. नो पार्किंगचा आदेशही पोलीस काढतात, पाट्या आणि पट्टे महापालिका. एकाच अर्जात सगळं कोंबलंत तर तिघेही तुम्हाला दुसऱ्याकडे पाठवतील. तीन पत्रं करा, तिन्हींना एकमेकांच्या प्रती जोडा.

मेट्रोभक्त: थांबा सरकवताना मेट्रो स्टेशन कुठे येणार तेही बघा. नाहीतर पुन्हा उठवतील.

त्रस्त_दुचाकी: हे मात्र खरं. उद्या संध्याकाळी व्हिडिओ. शेजारच्या इमारतीच्या गच्चीतून काढतो, चौक पूर्ण दिसतो.

सिव्हिल_९४: गच्चीतून बसमागची दुचाकी दिसत नाही. थांब्यासमोर एक माणूस खालीही ठेवा.

नवीन_सभासद: स्वारगेटला बाहेरगावी जाताना दोन दिवस कार कुठे ठेवता येते?