मदत हवी आहे: इंग्रजीवरून ड्रायव्हर ‘आउट ऑफ सर्व्हिस’, कंपनीच्या स्कोअरला किती फटका?

रातपाळी
नमस्कार. अमेरिकेतल्या एका ट्रकिंग कंपनीचं सेफ्टीचं काम पुण्यातून बघते. १४ ट्रक, इंटरस्टेट (एका राज्यातून दुसऱ्यात), साधा माल, हॅझमॅट (धोकादायक माल) नाही. गेल्या आठवड्यात ओक्लाहोमात रस्त्यावर लेव्हल २ तपासणी (ड्रायव्हर आणि गाडी दोन्हींची) झाली. ड्रायव्हरला पुरेसं इंग्रजी येत नाही म्हणून कलम ३९१.११(बी)(२) लावलं आणि त्याला आउट ऑफ सर्व्हिस केलं, म्हणजे तिथेच गाडी चालवायला मनाई केली. गाडीत दोष नाही. २४ महिन्यांत ही धरून १२ तपासण्या, ड्रायव्हर फिटनेस (ड्रायव्हरची पात्रता) या गटात आधीची एकही नोंद नाही. मालक विचारतायत: एफएमसीएसएकडचा (ट्रकिंगवर देखरेख करणारी केंद्रीय संस्था) सुरक्षेचा स्कोअर किती बिघडेल, किती दिवस राहील, ड्रायव्हर परत कधी पाठवायचा आणि डेटाक्यूजमधून (नोंदीवर हरकत घ्यायची सरकारी सोय) हे काढता येईल का?

हिशेबनीस
आधी गणित. या नोंदीचं मूळ वजन ४, आउट ऑफ सर्व्हिसचे आणखी २, म्हणजे ६. पहिले ६ महिने त्याला ३ ने गुणतात, १८ होतात. ६ ते १२ महिन्यांत २ ने, १२. पुढे २४ महिने होईपर्यंत १ ने, ६. मग नोंद गळते.

हा झाला अंश. छेदात तुमच्या तपासण्या, त्यांनाही हाच काळाचा गुणक. ज्यात ड्रायव्हर तपासला जातो त्या लेव्हल १, २, ३ आणि ६ च धरतात. लेव्हल ५ फक्त गाडीची, ती इथे कामाची नाही. समजा १२ पैकी ४ गेल्या सहा महिन्यांतल्या, ४ त्याआधीच्या सहा महिन्यांतल्या, ४ त्याहून जुन्या. १२ + ८ + ४ = २४. म्हणून १८ भागिले २४, ०.७५.

म्हणूनच स्वच्छ तपासणी फार मोलाची. ड्रायव्हरला काही न सापडता सोडलं तर ‘तपासणीचा कागद तरी करून द्या’ असं नम्रपणे मागायला शिकवा. अधिकारी देईलच असं नाही, पण दिला तर छेदात ३ ची भर पडते.

आता पर्सेंटाइल, म्हणजे इतर कंपन्यांच्या तुलनेत तुमची जागा; जितका जास्त तितका वाईट. ड्रायव्हर फिटनेसमध्ये किमान ५ तपासण्या आणि किमान एक नोंद असल्याशिवाय तो निघतच नाही. आजवर तुमचा रकाना रिकामा होता, आता पहिल्यांदा आकडा दिसेल. तुलना साधारण तेवढ्याच तपासण्या असलेल्या आणि नोंद असलेल्या कंपन्यांशी होते, त्यामुळे एकाच नोंदीने उडी मोठी वाटते. साध्या मालाला हस्तक्षेपाची रेषा (जिच्या वर गेलं की एफएमसीएसए लक्ष घालते) ८० टक्के, हॅझमॅटला ७५, प्रवासी वाहतुकीला ६५. मालकांना हेही सांगा की १२ महिने नवी नोंद झाली नाही आणि शेवटची तपासणी या बाबतीत स्वच्छ असेल, तर पर्सेंटाइल पुन्हा नाहीसा होतो. नोंद मात्र २४ महिने दिसत राहते.

२०२४ च्या नोव्हेंबरात जाहीर झालेल्या नव्या पद्धतीत वजन फक्त १ किंवा २ असणार आहे. ती लागू झाली की वरचे आकडे बदलतील.

घाटवाट
हिशेबनीसांच्या गणितात एक भर. मालवाहू कंपन्यांचा पर्सेंटाइल २०१५ च्या फास्ट कायद्यापासून लोकांना दिसत नाही, पण उल्लंघनाची नोंद दिसते. विमावाला आणि लोड देणारा ब्रोकर तीच वाचतात. शिवाय सेफर या सरकारी संकेतस्थळावर कंपनीच्या पानावर ड्रायव्हर आउट ऑफ सर्व्हिसचा दर १२ मध्ये १, म्हणजे ८.३ टक्के दिसेल, शेजारी राष्ट्रीय सरासरी छापलेली. १४ ट्रकच्या कंपनीला लोड नाकारला जातो तो बहुतेक या आकड्यावरून.

डॉकवर
ड्रायव्हरचं बघू. ड्यूटीच्या तासांच्या नियमात १० तास विश्रांती घेतली की आदेश संपतो, तसं इथे नाही. ही पात्रतेची अट आहे. पात्रता आली असं तुम्ही स्वतः तपासून खात्री करेपर्यंत त्याला इंटरस्टेट गाडी देता येत नाही. ट्रक तिथून हलवायला दुसरा ड्रायव्हर पाठवा. ‘जवळच्या यार्डापर्यंतच ने’ असं कुणी फोनवर सांगितलं तर थांबवा. आदेश मोडल्याबद्दल दोषी ठरला तर पहिल्याच वेळी त्याचं सीडीएल (व्यावसायिक वाहनाचं लायसन्स) १८० दिवस ते १ वर्ष जातं आणि कंपनीला वेगळा दंड.

तपासणीचा अहवाल सही करून १५ दिवसांत त्या राज्याच्या यंत्रणेकडे परत करा, प्रत १२ महिने जपा. हे सगळ्यात जास्त विसरलं जातं.

रातपाळी
आभार. डेटाक्यूजबद्दल दोन मुद्दे मनात आहेत. ड्रायव्हरने फोनवरचं भाषांतराचं ॲप उघडलं होतं, अधिकाऱ्याने ते वापरू दिलं नाही. आणि हाच ड्रायव्हर आधी तीन तपासण्यांत सुटला होता. यावर अर्ज टिकेल?

घाटवाट
दोन्ही टिकणार नाहीत. २० मे २०२५ च्या एफएमसीएसएच्या धोरणात मुलाखतीच्या वेळी दुभाषी, क्यू कार्ड, फोनवरचं ॲप वापरू देऊ नये असं स्पष्ट आहे, कारण त्याने कमतरता झाकली जाते. आधी सुटला कारण २०१६ च्या सूचनेनुसार नोंद झाली तरी गाडीवरून उतरवत नव्हते. नियम जुनाच होता. २५ जून २०२५ पासून तो सीव्हीएसएच्या (रस्त्यावरच्या तपासणीचे निकष ठरवणारी संघटना) आउट ऑफ सर्व्हिस निकषांत आला.

टिकतात ती कारणं वेगळी: नोंद चुकीच्या डॉट नंबरवर (कंपनीचा सरकारी नोंदणी क्रमांक) पडली, तपासणी मेक्सिको सीमेलगतच्या कमर्शियल झोनमधली होती, जिथे नोंद करतात पण आउट ऑफ सर्व्हिस करत नाहीत, ड्रायव्हरकडे ऐकण्याबाबतची अधिकृत सूट आहे, किंवा साइटेशन (उल्लंघनाची कोर्टात लढवता येणारी नोटीस) कोर्टाने रद्द केलं. साइटेशन दिलं असेल तर ते लढवा आणि निकालाची प्रत जोडा. अर्ज ओक्लाहोमाकडेच जाणार, त्यामुळे ‘अन्याय झाला’ असलं काही लिहू नका. कागद आणि तारीख, बस.

डॉकवर
ड्रायव्हर परत पाठवण्याआधीची तपासणी अधिकाऱ्यांच्याच क्रमाने घ्या. आधी इंग्रजीत मुलाखत: कुठून निघालास, कुठे चाललास, किती वेळ ड्यूटीवर आहेस, लायसन्सवर काय लिहिलंय, शिपिंगच्या कागदात काय आहे, गाडीवरची उपकरणं कोणती. यात नापास झाला तर पुढे जायची गरज नसते. मग चिन्हं, इलेक्ट्रॉनिक फलकांवरचा बदलता मजकूरसुद्धा. चिन्हाचा अर्थ त्याने कुठल्याही भाषेत सांगितला तरी चालतो, अधिकाऱ्याला ती कळली पाहिजे एवढंच.

पाठांतर करून घेऊ नका. ‘व्हेअर आर यू हेडेड’ पाठ असतं आणि अधिकारी ‘व्हॉट्स युअर डेस्टिनेशन’ म्हणाला की गाडं अडतं. प्रश्न फिरवून विचारा, त्याने न ऐकलेल्या आवाजात आणि फोनवर नव्हे, समोरासमोर. यासाठी ठरलेला फॉर्म नाही, तरी तारीख, प्रश्न, उत्तरं आणि घेणाऱ्याची सही त्याच्या क्वालिफिकेशन फाइलमध्ये लावा. उद्या ऑडिटला हाच कागद मागतील.

रातपाळी
बाकी १३ ड्रायव्हरांचीही घ्यायची का?

डॉकवर
हो, आणि या महिन्यातच. सहा महिन्यांच्या आत दुसरी अशीच नोंद झाली तर अंश ३६ होईल.