फोनच्या हिशेबाने मी १३ तास बसले होते!

कागदमोड: घरून भाषांतरं करते. दिवसाला फार तर ६ तास खुर्चीत असते असं माझं म्हणणं, १० च्या खाली नसतेस असं लेकाचं. पैज लागली. फोनमध्ये ॲक्सेलरोमीटरचे (फोनची हालचाल आणि कल टिपणाऱ्या सेन्सरचे) आकडे नोंदवणारं ॲप टाकलं आणि मंगळवारी सकाळी ७ ते रात्री १० चालू ठेवलं. फोनवर माझा भरवसा नाही, म्हणून वहीतही लिहीत गेले: बसले, उठले, परत बसले. वहीची बेरीज ७ तास ४० मिनिटं. (हरले. मान्य.) फोनची मात्र १३ तास! नियम लेकाने सांगितला होता: झेड अक्षावर (पडद्यातून आरपार जाणारी दिशा) ९.८ च्या आसपास आकडा दिसला की बसलेली, वाय अक्षावर (फोनच्या लांबीची दिशा) दिसला की उभी. आणि दुपारी ३ ते ४.२० आकडेच नाहीत. नेमकं कुठे चुकतंय?

खटपट्या: नियम ठीक आहे. ९.८ म्हणजे गुरुत्वाकर्षण. फोन पँटच्या पुढच्या खिशात असेल तर तुम्ही उभ्या असताना तोही उभा, बसलात की मांडीबरोबर आडवा. फोन खिशातच होता ना?

कागदमोड: कसला खिसा? माझ्या कपड्यांना खिसे शिवत नाहीत हो. फोन टेबलावर होता. म्हणजे १३ तास टेबल बसलं होतं तर.

जुना_गडी: ताई, हसू आलं, पण या विषयातली मोठी मंडळीही इथेच अडखळतात. हालचाली ओळखण्याच्या प्रयोगांसाठी सर्रास वापरला जाणारा एक डेटासेट (नोंदींचा तयार संच) आहे. ३० माणसं, फोन कमरेला बांधलेला, सेकंदाला ५० नोंदी, २.५६ सेकंदांचे तुकडे. चालणं, जिना चढणं त्यात छान ओळखू येतं, गोंधळ होतो तो बसणं आणि उभं राहणं यांत. कारण बसताना कंबर फारशी कलत नाही, मांडी कलते. तेव्हा फोन मांडीलाच हवा. खिसा नसेल तर रुंद इलॅस्टिकचा पट्टा.

टेबलावरचा फोन वेगळा काढायचा तर आकड्यांची थरथर बघा. माणूस कितीही स्वस्थ बसला तरी बारीक चुळबुळ चालूच असते, टेबलावर रेघ जवळजवळ सपाट येते. जोडीला प्रॉक्सिमिटी सेन्सर (पडद्याजवळ काही आलं की ओळखणारा) घ्या. खिशात त्याला समोर काहीतरी चिकटलेलं दिसतं, टेबलावर दिसत नाही. (फोन पालथा ठेवायची सवय असेल तर हे फसेल.) अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या २०१३ च्या स्टुडंटलाइफ या फोनवरच्या अभ्यासात ४८ विद्यार्थी होते, १० आठवडे. त्यात झोपेचा अंदाजही एकट्या सेन्सरवरून बांधला नव्हता. उजेड, आवाज, फोनची हालचाल आणि फोनचा वापर, सगळं एकत्र धरलं होतं.

दुपारचं भगदाड बहुतेक अँड्रॉइडचं. अँड्रॉइड ९ पासून मागे गेलेल्या (पडद्यावर उघडं नसलेल्या) ॲपला असे सेन्सर सलग वाचू देत नाहीत. वर कायम नोटिफिकेशन दाखवत राहणारं ॲप घ्या आणि बॅटरी बचतीतून त्याला सूट द्या.

कडीकुलूप: ॲप कुठलं घेताय तेही बघा. अँड्रॉइडवर ॲक्सेलरोमीटर आणि जायरोस्कोप (फोन किती फिरतोय ते मोजणारा सेन्सर) वाचायला ॲपला तुमची परवानगी विचारावीच लागत नाही. २०१४ मध्ये संशोधकांनी नुसत्या जायरोस्कोपवरून जवळच्या बोलण्याचा काही अंश ओळखून दाखवला होता. अँड्रॉइड १२ पासून सेकंदाला २०० नोंदींच्या वर जायचं तर ॲपला ते आधी जाहीर करावं लागतं. बसलं-उठलं कळायला ५० पुष्कळ झाल्या.

खटपट्या: +१. मी तर २० वर चालवतो, बॅटरीही टिकते.

कागदमोड: जुना_गडी, पट्टा शिवला. आज दिवसभर मांडीला फोन बांधून घरात वावरले, कोणी बेल वाजवली नाही हे नशीब. भगदाड नाही. वही: ७ तास ५ मिनिटं. फोन: ७ तास ५० मिनिटं. वरची ४५ मिनिटं कुठून आली म्हणून आलेख वहीशी ताडून पाहिला, तर दुपारी मी आडवी झाले होते! पाठ टेकली तरी मांडी आडवीच, फोनला काय कळणार?

जुना_गडी: हो, एका मांडीवरून ते कळायचं नाही. छातीशी दुसरा सेन्सर लागेल.

कागदमोड: नको. एक बांधून पुरे झालं. लेक म्हणतो लोळणंही बसण्यातच धर, पण तरी त्याचे १० काही होत नाहीत. आता तोही हरला म्हणून पैज बरोबरीत सोडवावी म्हणतोय.