केनीवुड: स्पॅनिश मालक गेले, पण बदललं काय?

तिरकीट:
पिट्सबर्गला नवीनच आलोय. लेकीच्या शाळेची केनीवुड या इथल्या जुन्या करमणूक पार्कात पिकनिक आहे, त्यामुळे घरात सध्या दुसरा विषय नाही. शेजारच्या आजींना सांगितलं तर म्हणाल्या, "जा की! स्पॅनिश मालक गेले एकदाचे." शोधल्यावर कळलं की माद्रिदच्या पार्केस रेउनिदोस कंपनीने केनीवुड आणि अमेरिकेतली आणखी वीसेक ठिकाणं २०२५ मध्ये हर्शेंड कंपनीला विकली. मालक परदेशी असला म्हणून पाळण्यात बसणाऱ्याला खरंच काही फरक पडतो का? की हा नुसता गावाचा अभिमान?

नदीकाठची_नलू:
अभिमान आहेच, आणि का नसावा? १८९८ साली ट्रॉलीच्या (म्हणजे ट्रामच्या) कंपनीने हे पार्क काढलं, रविवारी डबे रिकामे धावू नयेत म्हणून. पुढे मॅकस्विगन आणि हेनिंगर या दोन घराण्यांनी जवळपास शंभर वर्षं ते सांभाळलं. शाळांच्या पिकनिका, स्लोव्हाक लोकांचा दिवस, इटालियन लोकांचा दिवस, सगळं तिथेच. डिसेंबर २००७ मध्ये विक्री जाहीर झाली तेव्हा इथे सुतकी चेहरे होते. आता जॅक रॅबिट हा जुना रोलर कोस्टर पाडणार म्हणे, पार्कचं नाव बदलणार म्हणे, एक ना दोन.

तसं काही झालं नाही. १९२० चा लाकडी जॅक रॅबिट अजून खडखडतो. उलट 'नोआज आर्क' या आतून चालत फिरायच्या खेळाच्या दाराशी पूर्वी देवमाशाचा जबडा होता, तो मधल्या काळात काढून टाकला होता, तो २०१६ मध्ये स्पॅनिश मालकीतच परत बसवला. मऊ जिभेवरून चालत आत जायचं, पोरं किंचाळतात नुसती. २०१९ मध्ये स्टील कर्टन हा नवा अजस्र कोस्टरही आणला. (तो २०२४ चा अख्खा हंगाम बंद होता, तेही लिहायला हवं.)

खरी गोम वेगळी आहे. पार्केस रेउनिदोसचेच मालक बदलत राहिले. आधी कँडोव्हर हा ब्रिटिश फंड, मग २०१६ मध्ये माद्रिदच्या शेअर बाजारात नोंदणी, २०१९ मध्ये स्वीडनच्या ईक्यूटी या फंडाने साथीदार घेऊन कंपनी बाजारातून काढली. म्हणजे आपल्या गावच्या पाळण्याचा मालक स्पॅनिश, आणि त्या मालकाचा मालक आज हा, उद्या तो. असा फंड येतो तोच पुढे विकायच्या तयारीने.

बंडू_बेरकी:
मग हर्शेंड तरी कुठे पिट्सबर्गचे? जॉर्जियाचे. 'आपले लोक परत आले' म्हणून नाचणाऱ्यांनी नकाशा काढून बघावा.

नदीकाठची_नलू:
मान्य. पण ती घराण्याची कंपनी आहे. डॉलीवुड, सिल्व्हर डॉलर सिटी ही पार्कं वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच आहेत. चार-पाच वर्षांत विकून पैसे मोकळे करायची घाई त्यांना नसते. मला त्यांच्या पासपोर्टपेक्षा हे महत्त्वाचं वाटतं.

आणि गंमत बघा. केनीवुडच्या उंच कोस्टरवरून मोनोंगाहेला नदीपलीकडे ब्रॅडॉकची एडगर थॉमसन पोलाद गिरणी दिसते. पोलादसम्राट कार्नेगीच्या काळातली. इकडे पार्क अमेरिकन हातात आलं, आणि त्याच वर्षी जूनमध्ये यू. एस. स्टील ही अख्खी कंपनी जपानच्या निप्पॉन स्टीलने घेतली, गिरणीसकट. पोटापाण्याची गिरणी जपानी झाली त्याचं दुःख आणि पाळण्याचा आनंद एकाच दमात सांगणारे शेजारी मला आहेत.

खोपोलीकर:
आमच्याकडची गोष्ट याला धरूनच आहे. इमॅजिका मनमोहन शेट्टींनी २०१३ मध्ये उभी केली. मालक मराठी मुलखातच व्यवसाय केलेला, परदेशी कोणी नाही. तरी कर्जाने कंबर मोडली. कोव्हिडमध्ये दार बंद, व्याज मात्र चालू. शेवटी २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणींनी घेतली. पावसाळ्यात घाट तुंबला की गर्दी रोडावते, आणि हप्त्याला पावसाळा कळत नाही. तेव्हा मालक कुठला हे विचारण्याआधी पार्कवर कर्ज किती आहे ते विचारा.

तिरकीट:
सगळ्यांचे आभार. आजींना कर्जाचं सांगून बघतो, पटेल असं वाटत नाही. नलूताई, पिकनिकला काय चुकवू नये?

नदीकाठची_नलू:
पोटॅटो पॅचचे चीज घातलेले फ्राइज, पण कोस्टरवर बसून झाल्यावर. जॅक रॅबिटला शेवटच्या डब्यात बसा. त्याच्या दुहेरी उतारावर बूड सीटवरून सुटतं, ते पुढच्या डब्यात तितकं होत नाही. लेकीची उंची आधी मोजून घ्या, रांगेच्या तोंडाशी रडारड नको.