मदत हवी आहे: बंधाऱ्याच्या कामाची माहिती अधिकारात पाहणी कशी मागायची?

नमस्कार मंडळी. सिंधुदुर्ग किनाऱ्यावरच्या आमच्या वाडीसमोरचा धूपप्रतिबंधक बंधारा दोनच पावसाळ्यांत खचला. आषाढातल्या उधाणाला पाणी थेट माडांच्या मुळांशी येतं, शेजारच्या काकूंचे चार माड गेले.

मी १० रुपयांचं तिकीट लावून माहिती अधिकारात अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिका मागितली. अंदाजपत्रकाची पुसट झेरॉक्स मिळाली. दगडाचं वजन ज्या रकान्यात असतं तोच वाचता येत नाही! पुस्तिकेबद्दल "शोध सुरू आहे" एवढंच उत्तर. खरं तर २००५ च्या कायद्याच्या कलम ४ प्रमाणे खर्चाची बरीचशी माहिती कार्यालयाने आपणहून जाहीर करायची असते, मागावी लागूच नये.

पहिलं अपील ३० दिवसांत करायचं आहे, त्यातले १२ दिवस गेले. कलम २(ञ) मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क आहे. कोकणात कोणी तो बंधाऱ्यासाठी किंवा जेटीसाठी वापरलाय का? पाहणी अपिलातच मागू की नवा अर्ज करू? अर्जाचा मजकूर कोणाकडे असेल तर कृपया पाठवा.