युंगफ्राऊयोख एका दिवसात, सासूबाई (६८) आणि लहान लेक सोबत... झेपेल का?

चाफेकळी_पुणे
नमस्कार मंडळी, मे अखेरीला आम्ही चौघं स्वित्झर्लंडमधे इंटरलाकेनला ३ रात्री आहोत, मी, नवरा, साडेपाच वर्षांची लेक आणि सासूबाई (६८, बीपीची गोळी चालू, बाकी ठणठणीत). एक अख्खा दिवस उंच डोंगरासाठी ठेवलाय. आईंनी आयुष्यात बर्फ हातात घेतलेला नाहीये, त्यांच्यासाठीच खरं तर हा दिवस आहे. ट्रॅव्हलवाले म्हणतात युंगफ्राऊयोख (गाडीने जायचं बर्फातलं उंच स्टेशन), नणंद म्हणते टिटलिस (दुसरं बर्फाचं शिखर). स्विस ट्रॅव्हल पास काढलाय. वर श्वासाचा त्रास होतो का, आणि घरचं खाणं नेता येतं का, प्लीज सांगा.

आरे_काठचा
मी बर्नला राहतो, दरवर्षी कोणी ना कोणी पाहुणे येतात त्यामुळे हा रस्ता पाठ झालाय. इंटरलाकेनहून टिटलिसचा विचार सोडा, एका बाजूलाच दोन तासांच्या वर जातात, लहान मुलगी कंटाळेल. ल्युत्सर्नला मुक्काम असता तर गोष्ट वेगळी.
युंगफ्राऊयोख स्टेशन ३४५४ मीटरवर आहे, म्हणजे दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी वर १६० मीटर उरतात. हवा विरळ असते हे खरंच, म्हणून बीपीसाठी निघण्याआधी डॉक्टरांना विचाराच. आणि जाताना ग्रिंडेलवाल्डवरून आयगर एक्सप्रेसच्या केबल कारने १५ मिनिटांत भसकन वर जाऊ नका, लाउटरब्रुनेन-वेंगेन-क्लायने शायडेग अशा दातेरी रुळांच्या गाडीने हळूहळू चढा, शायडेगला (२०६१ मी) अर्धा-पाऊण तास बसा, शरीराला जरा विसावा मिळतो. केबल कार उतरताना घ्या, दोन्ही बाजू बघून होतील.
इंटरलाकेन ओस्टहून सुटणाऱ्या गाडीचे झ्वायल्युचिनेनला दोन भाग होतात, एक ग्रिंडेलवाल्डला जातो आणि एक लाउटरब्रुनेनला, तर डब्यावरचा बोर्ड बघूनच चढा, नाहीतर सकाळीच धावपळ.
पास फक्त वेंगेन किंवा ग्रिंडेलवाल्डपर्यंत चालतो, पुढे २५ टक्के सूट. मुलगी सहाच्या आतली आहे, तिचं तिकीट नाही.

गोदातीर
वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. आम्ही बाबांना (७१) घेऊन गेलो होतो, गाडीतून उतरल्याउतरल्या सगळे घाईघाईत आईस पॅलेसच्या (बर्फात कोरलेल्या गुहेच्या) पायऱ्यांकडे निघालो आणि बाबांना गरगरायला लागलं, भिंतीला धरून उभे राहिले, चेहरा पांढराफटक. मी इतकी घाबरले! वीस मिनिटं बसवलं, घोट घोट पाणी दिलं तेव्हा बरं वाटलं. त्यामुळे वर गेल्यावर आधी बसा, मग स्फिंक्स नावाच्या वरच्या गच्चीवर लिफ्टने जा, तिथून आलेत्श हिमनदी दिसते, आल्प्समधली सगळ्यात लांब. आईस पॅलेसमधे खाली बर्फच असतो, आईंचा हात धरा.
जाताना गाडी बोगद्यातल्या आयस्मेअर स्टेशनला ५ मिनिटं थांबते, तिथे खडक कोरून मोठ्या खिडक्या केल्यात. हा रेल्वेमार्ग बांधायला १८९६ ला सुरुवात केली आणि गाडी वर पोचली १९१२ ला, ज्याने हे सगळं योजलं तो गुयर-त्सेलर मधेच १८९९ ला वारला. लेकीला हे सांगा, आमच्या मुलाने बोगदाभर प्रश्न विचारले.
डबा जरूर न्या, आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. बाटली गावातल्या नळावर भरा, पाणी पिण्याचंच असतं.

रानवाट
माझं मत थोडं वेगळं आहे. पहाटे उठून वरचा लाइव्ह कॅमेरा बघा आणि ढग असतील तर वर जाऊच नका. माणशी २०० फ्रँकच्या वरचं तिकीट काढून पांढऱ्या भिंतीकडे बघत बसणं फार जिवाला लागतं, आमचं तेच झालं. म्हणून तिकीट आगाऊ काढू नका. अशा दिवशी म्युरेनला जा, पासमधे पूर्ण येतं, उंची जवळपास कळसूबाईएवढीच, गावात बाहेरच्यांच्या गाड्या नाहीत आणि ढग जरा फाटले की आयगर, म्योंश, युंगफ्राऊ ही तिन्ही शिखरं समोर उभी. खाली लाउटरब्रुनेनला श्टाउबबाखचा जवळजवळ ३०० मीटरचा धबधबा आहे, आमच्या आजी तिथून हलायलाच तयार नव्हत्या.

चाफेकळी_पुणे
सगळ्यांचे मनापासून आभार, काल जाऊन आलो! परवा कॅमेऱ्यात नुसतं धुकं होतं म्हणून म्युरेन केलं, काल लख्ख ऊन मिळालं. शायडेगला तासभर बसलो, वर आईंना काहीही त्रास झाला नाही. पठारावर त्यांनी हातमोजा काढून मूठभर बर्फ घेतला, पाणी मनगटावरून बाहीत उतरलं तरी सोडेनात, मग तोच हात नातीच्या गालाला लावला. ती किंचाळली आणि आई इतक्या हसल्या, मामंजी गेल्यापासून त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.
पुढे कोणी जाणार असेल त्यांच्यासाठी, गॉगल लहान मुलांनाही न्या, लेकीचा हॉटेलवर राहिला आणि वर तिला डोळे उघडवेनात, शेवटी माझा दिला.