मदत हवी आहे: म्युल डिअर हरणासाठी हलकी रायफल आणि काडतूस (कोलोरॅडो)

घाटवाट
मुक्काम डेन्व्हरजवळ, व्हिसा एच-१बी. हंटर एज्युकेशनचं कार्ड हातात आहे, येत्या एप्रिलमध्ये डिअर टॅगच्या (हरणाच्या शिकारीचा परवाना) ड्रॉला, म्हणजे सोडतीला, अर्ज टाकणार. जागा ९-१० हजार फुटांवरची, दिवसाला सात-आठ मैलांची चढउतार. नेम बहुतेक २०० यार्डांच्या आत, फार तर ३००. रायफल आणि स्कोप (वरची दुर्बीण) मिळून १,५०० डॉलर. अंगकाठी किरकोळ, आजवर फक्त .२२ (बारीक काडतुसाची, फार कमी धक्क्याची रायफल) चालवली आहे.
पाच पाउंडांच्या आसपासची किम्बर सेकंडहँड शोधावी, की टिक्का टी३एक्स लाइट घ्यावी? काडतूस .२४३ पुरेल, की ७ एमएम-०८, ६.५ क्रीडमोर, .३०८ यांतलं काही? आणि मुळात या व्हिसावर रायफल घेता येते का?

चापबोट
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण बाकी सगळं त्यावर अडतं. नॉन-इमिग्रंट व्हिसावर (एच-१बी त्यातलाच) असलेल्याला फेडरल कायद्याने बंदूक बाळगायला बंदी आहे. तिला जे अपवाद आहेत, त्यात तुमच्या कामाचा एक: अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. डिअर टॅग ड्रॉवर अवलंबून असतो, पण स्मॉल गेम लायसन्स सरळ विकत मिळतं आणि या अपवादासाठी तेही चालतं. दुकानात फॉर्म ४४७३ (बंदूक खरेदीचा फेडरल फॉर्म) भरताना लायसन्स आणि आय-९४ चा (देशात प्रवेशाची नोंद) नंबर लागेल. कोलोरॅडोत पैसे भरले तरी रायफल हातात यायला किमान तीन दिवस थांबावं लागतं.
लोक चुकतात ते पुढे. लायसन्सची मुदत संपली आणि रायफल घरातच राहिली, तर तो फेडरल गुन्हा होतो. सीझन संपला म्हणून नूतनीकरण टाळू नका. ग्रीन कार्डवाल्यांना ही भानगड नाही.

बारकावे
किम्बर उत्तम बंदूक आहे, पण पहिली सेंटरफायर (.२२ हून जोरकस काडतुसाची रायफल) म्हणून नको. वजन मोजायचं ते हातात येणाऱ्या सगळ्या सरंजामाचं. टिक्का लाइट साडेसहा पाउंड धरा. त्यावर ३-९×४० स्कोप १२ औंस, रिंगा ४, पट्टा ४, चार काडतुसं ३-४ औंस, म्हणजे झाले आठ पाउंड. तोच हिशेब किम्बरचा केला तर साडेसहा.
आता धक्का. ७ एमएम-०८ मध्ये १४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं एकक) गोळी २,८०० फूट प्रतिसेकंद वेगाने सुटते. आठ पाउंडांच्या रायफलीत धक्का साधारण १३ फूट-पाउंड (ऊर्जेचं एकक), साडेसहाच्या रायफलीत १६ च्या जवळ. काडतूस तेच, खांद्याला मात्र तो आठ पाउंडांच्या .३०८ पेक्षा जास्त लागतो. आठ पाउंडांतच बाकीची बघा: .२४३ चा ८, ६.५ क्रीडमोरचा १२, १५० ग्रेनच्या .३०८ चा १४, १८० ग्रेनच्या .३०-०६ चा २०. .२२ वरून येणाऱ्याने १५ च्या आत राहावं, नाहीतर चाप ओढण्याआधी डोळा मिटायची सवय लागते आणि ती जाता जात नाही.
दुसरं म्हणजे हलकी नळी धापा टाकणाऱ्या माणसाच्या हातात ठरत नाही. दहा हजार फुटांवर चढून आल्यावर दीड पाउंड जास्त असणं नेमाच्या बाजूचंच असतं. वजन कमी करायचंच तर पाठपिशवीतून करा.
माझं मत: टिक्का, ७ एमएम-०८. गावातल्या छोट्या दुकानात काडतूस मिळायलाच हवं असेल तर ६.५ क्रीडमोर. हरणाला त्यातला फरक कळत नाही.

खिंडीतला
.२४३ ला एवढं घाईने बाद करू नका. इथल्या नियमात डिअरसाठी किमान .२४ कॅलिबर, ७० ग्रेनची फुलणारी गोळी आणि १०० यार्डांवर १,००० फूट-पाउंड ऊर्जा लागते; .२४३ ची १०० ग्रेनची गोळी त्यात आरामात बसते. अट एकच, गोळी नीट निवडायची. वार्मिंटसाठीची (छोट्या उपद्रवी प्राण्यांसाठीची) पातळ कवचाची ५५-५८ ग्रेनची गोळी नियमातही बसत नाही, आणि खांद्याच्या हाडावर वरच्यावर फुटते.
७ एमएम-०८ घेतलीत तर २०० यार्डांपर्यंत साधी शिशाची कोअर-लोक्ट किंवा पॉवर-शॉक गोळी पुरते. तांब्याची बार्न्स टीटीएसएक्स घ्याल तर १२० ग्रेनची घ्या. तांबं फुलायला वेग लागतो, म्हणून हलकी आणि वेगवान गोळी. शिशाचे बारीक कण जखमेच्या आसपासच्या मांसात पसरतात. घरात लहान मुलं ते मांस खाणार असतील तर तांब्याचे जास्तीचे डॉलर मोजावेत.

घाटवाट
व्हिसाचं अजिबात माहीत नव्हतं, आभार. टिक्का ७ एमएम-०८ ठरलं. झिरो (स्कोपचा नेम आणि गोळी जुळवणं) कसा करायचा? आणि हलक्या नळीचे पहिले तीन बार एकत्र पडतात, मग पसरतात असं वाचलं, ते खरं का?

बारकावे
खरं आहे. बारीक नळी लवकर तापते. तीन बार झाले की बोल्ट (काडतूस आत ढकलणारा दांडा) उघडा ठेवून नळी हाताला गार लागेपर्यंत थांबा. तापलेल्या नळीवर स्कोप फिरवत बसलात तर अर्धा डबा संपेल आणि दुसऱ्या दिवशी थंड नळीचा पहिला बार भलतीकडे जाईल. शिकारीत कामाचा तोच पहिला बार.
क्रम असा. आधी नळी आणि दस्त्याच्या मधून नोट सरकवून पाहा. ती चेंबरपर्यंत (नळीच्या मागच्या टोकाची काडतुसाची जागा) अडखळू नये. रिंगांचे स्क्रू टॉर्क रेंचने १५-१८ इंच-पाउंडांवर आवळा. वाळूची पिशवी दस्त्याच्या पुढच्या भागाखाली, नळीखाली कधीच नाही. डावा हात मागच्या पिशवीवर ठेवला तर हलकी रायफल उडते, म्हणून पुढचा दस्ता हलकेच धरा.
२५ यार्डांवर कागदावर आणा, मग १०० वर जा. तिथे गोळ्या नेमाच्या सुमारे दोन इंच वर पाडायच्या: मग २०० ला बरोबर नेमावर, ३०० ला सात-आठ इंच खाली. स्कोपच्या खुंटीचे क्लिक १०० यार्डांवर पाव इंचाचे असतील तर गणित सोपं. समजा तीन गोळ्यांचा मध्य एक इंच खाली आणि दोन इंच डावीकडे आला. वर तीन इंच हवेत म्हणजे १२ क्लिक, उजवीकडे ८. मोजायचा तो तिन्ही भोकांचा मध्य. एका भोकावरून क्लिक फिरवू नका.
कानाला आतले प्लग आणि वर मफ, दोन्ही. बिचकणं बरंचसं आवाजाचं असतं. आणि डोळा स्कोपपासून साडेतीन इंच तरी लांब. चढावर वरच्या दिशेने बार टाकताना डोकं नकळत पुढे सरकतं आणि भुवई फुटते.

तांबडी माती
हेच सेटिंग कोकणात रानडुकराला चालेल का? सुट्टीत नेता येईल?

चापबोट
नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे. ती चर्चा इथे नको.
घाटवाट, दोन गोष्टी राहिल्या. रायफल सीझनमध्ये कमरेच्या वर ५०० चौरस इंच फ्लोरोसंट नारिंगी किंवा गुलाबी कपडा, शिवाय त्याच रंगाची टोपी. आणि गाडीत बसताना चेंबर रिकामा हवा. बोल्ट उघडून नुसतं बघू नका, आत बोट घालून खात्री करा. पहाटेच्या अंधारात काडतूस दिसत नाही.